जेनिफर केंडल आणि ‘पृथ्वी’चा रंगमंच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या पृथ्वी थिएटरवरच्या लेखात जेनिफर केंडल यांना ‘शशी कपूर यांच्या इंग्रज पत्नी’ एवढ्याच शब्दांत उरकलं आहे. शिवाय ‘शेक्सपीअर वाला’ची नायिका त्याच होत्या असंही छापलं आहे. ती नायिका, म्हणजे लिझी बकिंगहॅम, रंगवली ती त्यांच्या धाकट्या बहिणीने, फेलिसिटीने. जेनिफर १९६५च्या त्या चित्रपटात आहेत, पण मिसेस बोवेन या छोट्याशा भूमिकेत, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. दोघी बहिणींची ही गल्लत वर्षानुवर्षं चालत आली आहे.

जेनिफर यांचं खरं शिक्षण वडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीत झालं. जेफ्री केंडल मूळचे ब्रॅग. इंग्लंडमधल्या केंडल या जन्मगावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं. ते आणि पत्नी लॉरा लिडेल यांची ‘शेक्सपीअराना’ शाळा, संस्थानिकांचे वाडे, क्लब, मिळेल त्या दिवाणखान्यात प्रयोग लावायची. जून १९५३ ते डिसेंबर १९५६ या काळात कंपनीचे ८७९ प्रयोग झाले, म्हणजे महिन्याला सरासरी वीस. आपल्याकडच्या दौरेवाल्या कंपन्यांनाही हा आकडा मान खाली घालायला लावेल! एवढ्या दौऱ्यात सामान कमीच ठेवावं लागतं. नेपथ्य ट्रंकेत मावेल इतपत, एका नटाकडे दोन-तीन भूमिका, आणि सभागृह काल होतं तसं आज नसणार हे गृहीत. उत्पल दत्त याच कंपनीत घडले. शशी कपूर तिथे काम करू लागले ते जेनिफर यांची ओळख झाल्यानंतर, आणि १९५८ साली दोघांचं लग्न झालं.

चित्रपट त्यांनी थोडेच केले. ‘बॉम्बे टॉकी’ (१९७०) मधली लेखिका लुसिया, ‘जुनून’ (१९७८) मधली मरियम, ‘हीट अँड डस्ट’ (१९८३) मधल्या मिसेस सॉन्डर्स, ‘घरे बाइरे’ (१९८४) मधली मिस गिल्बी. १८५७च्या उठावावरच्या ‘जुनून’मध्ये स्वतःचा नवरा शशी कपूर पडद्यावर मरियमच्या मुलीच्या मागे लागलेला पठाण आहे, आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली तर लग्न विसरायचं, अशी अट ही आई त्याला घालते. आवाज न चढवता ती सौदा करते. ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) तर सगळा त्यांच्याच खांद्यावर आहे. पन्नाशीच्या आतल्या बाईने थकलेली अँग्लो-इंडियन शिक्षिका उभी केली. शेवटी मिस स्टोनहॅम केक घेऊन नाताळच्या रात्री ज्यांच्या दारी जाते, त्यांच्या घरात पार्टी रंगलेली तिला खिडकीतून दिसते. मग परतताना रिकाम्या रस्त्यावर ती भटक्या कुत्र्याला ‘किंग लिअर’मधल्या ओळी ऐकवते. या भूमिकेसाठी ‘बाफ्टा’ या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं, पारितोषिक मात्र त्या वर्षी कॅथरीन हेपबर्न यांना गेलं. माझ्या मते, लहान जागेत समोर बसलेल्या माणसासाठी बोलायची सवय होती म्हणूनच हे काम इतकं हलक्या हाताने झालं.

आणि हीच सवय ‘पृथ्वी’त दिसते. पृथ्वीराज कपूर यांच्या निधनानंतर (१९७२) शशी-जेनिफर यांनी त्यांच्या नावे न्यास केला, वास्तुविशारद वेद सेगन यांनी इमारत आखली आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला थिएटर उघडलं. पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्या भूमिका असलेला. मूळ मराठी नाटकाने उद्घाटन झालं हेही आपल्या लेखात आलं असतं तर बरं झालं असतं. ७ सप्टेंबर १९८४ रोजी लंडनला कर्करोगाने निधन होईपर्यंत रोजचा कारभार जेनिफरच बघत होत्या.

आता मुद्द्याचं. ‘पृथ्वी’त साधारण २०० खुर्च्या, प्रेक्षक तीन बाजूंना, रंगमंच पहिल्या रांगेच्याच पातळीवर, दर्शनी पडदा नाही. दादर-पार्ल्याच्या नाट्यगृहांसाठी बसवलेलं नाटक तसंच्या तसं इथे आणलं की हमखास फसतं, आणि दोष जागेला दिला जातो. आपला ठरलेला दिवाणखाना घ्या. मधोमध सोफा, दोन्ही बाजूंना फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या भिंती), मागे दार. इथे बाजूचे फ्लॅट प्रेक्षकांच्या एका गटाला भिंतच ठरतात. कमरेपेक्षा उंच काहीही फक्त मागच्या भिंतीलगत ठेवावं, सोफा बुटक्या पाठीचा आणि तिरका. दोन नट समोरासमोर जवळ उभे राहिले की एक दुसऱ्याला झाकतो. त्यांना कर्णावर, चार-पाच फुटांचं अंतर ठेवून उभं करावं आणि चार-सहा वाक्यांत कोणीतरी जागा बदलावी, म्हणजे कोणाच्याही वाट्याला सतत पाठ येत नाही.

प्रकाशयोजनेत तर सर्रास चूक होते. समोरून दोन बाजूंनी दिवे लावले की बाजूच्या प्रेक्षकांना अर्धा चेहरा काळा दिसतो. म्हणून तीन, शक्य तर चार दिशांनी दिवे हवेत. पण बाजूचा दिवा ४५ अंशांपेक्षा खाली असला तर तो पलीकडच्या बाजूला बसलेल्यांच्या डोळ्यांत जातो. तो ५५-६० अंशांवर चढवावा आणि स्पॉटच्या शटरने उजेड रंगमंचाच्या कडेशी कापावा. प्रवेश बदलताना पडदा नसतो, ब्लॅकआउटमध्येच सामान हलवायचं असतं. तेव्हा हलवायच्या वस्तू तीन-चारच ठेवाव्यात आणि जमिनीवर चमकत्या टेपच्या खुणा कराव्यात. माइक लागत नाही, पण पाठ वळली की वाक्याचा शेवट गिळला जातो, आणि आपलं ‘नाही’ नेमकं शेवटी येतं. उशिरा येणाऱ्यांना आत न सोडण्याच्या नियमावर जी नाराजी निघते ती मला अनाठायी वाटते. असा माणूस नटाच्या अंगावरूनच खुर्चीकडे जाणार.

लहान नाट्यगृहं हवीत अशी मागणी मुंबईत अधूनमधून होते, ती रास्त आहे. पण आराखडे होतात ते बहुधा मोठ्या नाट्यगृहाला आकसवून, रंगमंचाची दर्शनी चौकट तशीच ठेवून. त्यात रंगमंचाची खोली जाते, विंगेतली जागा जाते आणि हाती लागतं ते शाळेचं सभागृह. दोनशे खुर्च्यांसाठी चौकट नकोच. रंगमंच प्रेक्षकांत पुढे काढावा, दिव्यांची जाळी संपूर्ण रंगमंचावर आणि पहिल्या दोन रांगांवरही यावी, आणि नटांना मागच्या भिंतीखेरीज प्रेक्षकांच्या दोन्ही कोपऱ्यांतून ये-जा करता यावी. हे नकाशावर असतानाच ठरवावं लागतं. स्लॅब पडल्यावर जाळी टांगायला जागा उरत नाही.

आपला,
पडद्यामागे काम करणारा एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई