दुकान झाले, हवेचे काय?

महोदय,

नव्या पेट्रोल पंपाची आणि त्याला लागून उघडलेल्या चोवीस तासांच्या दुकानाची बातमी कालच्या अंकात वाचली. बातमी कसली, आरतीच होती ती. फ्रीज किती, मांडणीच्या रांगा किती, काचेचे दार आपोआप कसे उघडते, सगळे तपशीलवार आले. छताच्या रंगाला तर तीन ओळी दिल्यात. तिथे पेट्रोलही मिळते, हे चौथ्या परिच्छेदात कळते. हवा भरायचे यंत्र आहे का, आणि असले तर ते चालते का, हे मात्र आपल्या प्रतिनिधीला विचारावेसे वाटले नाही.

आणि पंपाला लागून दुकान ही म्हणे 'अभिनव संकल्पना'? १८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोखला त्यांनी इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातून. म्हणजे पंप जन्माला यायच्या आधीच दुकान होते. १९२७ साली अमेरिकेत डॅलसमध्ये एका बर्फविक्रेत्या कंपनीच्या ठेल्यावर दूध, पाव, अंडी ठेवायला सुरुवात झाली आणि पुढे त्यातूनच या अवेळी उघड्या असणाऱ्या दुकानांची साखळी उभी राहिली. अभिनव म्हणायचेच असेल तर गल्फ या तेल कंपनीने १९१३ साली पिट्सबर्गमध्ये उघडलेल्या पंपाला म्हणा. गाडी थेट आत घेता यावी म्हणून खास बांधलेला, आणि तिथे हवा नि पाणी फुकट. शंभर वर्षांत प्रगती अशी, की दुकान आले आणि हवा गेली.

हे मला इतके का झोंबले ते सांगतो. काही महिन्यांपूर्वी असाच एक दुकानवाला पंप (नाव घेत नाही) वाटेत लागला. रात्रीची वेळ, मागच्या सीटवर सासूबाई, आणि मागचे डावे चाक बसत चाललेले. हवेचे यंत्र रस्त्यावरूनच दिसले म्हणून गाडी आत घेतली. यंत्रावर पाटी: 'हवा बंद आहे'. पाटी म्हणजे पुठ्ठ्यावर खडूने खरडलेली नव्हे. छापलेली, लॅमिनेशन केलेली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. यंत्र दोन दिवस बिघडले म्हणून कोणी असली पाटी करून घेत नाही. नळी गुंडाळून वर टांगलेली, तिच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे. पंपावरच्या मुलाला विचारले तर म्हणतो, "मशीन दुरुस्तीला गेलंय, काका." मशीन आम्हा दोघांच्या मधे उभे!

मॅनेजरला भेटायचे म्हटल्यावर त्याने दुकानाकडे बोट दाखवले. आत साहेब शीतपेयांच्या बाटल्यांची लेबले एका रेषेत आणत होते. ते काम मात्र फार मन लावून चालले होते, हे मान्य केले पाहिजे. हवेबद्दल विचारले तर मान न वळवता उत्तर आले, "पुढच्या पंपावर बघा." आणि गल्ल्यावरच्या मुलीने विचारले, "सर, आपलं मेंबरशिप कार्ड आहे का?" त्यावर मी जे बोललो ते आपण छापणार नाही, म्हणून लिहीत नाही.

पुढच्या पंपापर्यंत गाडी तशीच रेटत नेली. हवा कमी असलेल्या चाकाच्या कडा झिजतात, टायर तापतो आणि इंधनही जास्त जळते. म्हणजे जो पंप हवा देत नाही, त्याचे पेट्रोल जास्त खपते. योगायोग असेलही.

पेट्रोलवर पंपवाल्याला लिटरमागे फारसे सुटत नाही, खरी कमाई दुकानात होते, हे मलाही कळते. धंदा करणाऱ्याने धंदा जरूर करावा. पण जे फुकट द्यायचे, तेच नेमके आधी कसे बिघडते? गल्ल्यावरचे यंत्र बिघडले म्हणून 'बिल बंद आहे' अशी लॅमिनेशनवाली पाटी मी अजून कुठे पाहिलेली नाही.

आणखी एक विचारायचे आहे. टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल उतरवताना टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती परत टँकरमध्ये घेणारी नळी जोडता येते. ती नसली तर वाफ पाइपातून सरळ हवेत जाते. त्या वाफेत बेंझीन असते, आणि बेंझीनने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच सांगून ठेवले आहे. नव्या पंपावर ही नळी आहे का? तो पाइप कोणाच्या खिडकीसमोर आला आहे? छताच्या रंगाला तीन ओळी मिळतात, तर याला एकही मिळू नये? त्याच पानावर खाली त्याच पंपाची अर्धे पान जाहिरात होती, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. बातमी कुठे संपते ते कळावे म्हणून मधे एखादी जाडसर रेघ तरी ओढत जा.

जाता जाता शब्दकोड्याविषयी. शनिवारच्या कोड्याचे उत्तर म्हणून आपण रविवारी आदल्या आठवड्याचेच उत्तर पुन्हा छापलेत. कार्यालयात फोन केला तर 'संबंधित जागेवर नाहीत'. आडवा शब्द १४ मला अजून सुटलेला नाही. निदान तो तरी कळवावा.

आपला,
एक वर्गणीदार वाचक