काहील करपली तेव्हा

बर्मिंगहॅम,
१८ जानेवारी

ती. दादा आणि वहिनी,
सा. न. वि. वि.

फोनवर तू इतका तापला होतास की मी बोललेच नाही, म्हणून हे पत्र. वहिनींनीच वाचून दाखवावं, म्हणजे तू मधेच उठून जाणार नाहीस.

उसाच्या रसाची अख्खी मोठी कढई, एक काहील, करपली, कुणी कबूल होईना, म्हणून तू गुऱ्हाळावर कॅमेरा बसवलास. आणि आता आपले गुळव्या मामा म्हणतात, पुढच्या हंगामाला गूळ शिजवायला दुसरा गुळव्या बघा. असंच ना?

गेल्या महिन्यात आमच्या थिएटरमध्ये काय झालं ते ऐक. (ऑपरेशनचं थिएटर, आईला सांग, नाहीतर तिला वाटेल मी नाटकात गेले.) इथं रक्त टिपायचे गॉझ पाच-पाचच्या जुडीत येतात, लाल दोऱ्यानं बांधलेले. जुडी सोडली की दोघींनी मोठ्यानं मोजायचं, फळ्यावर लिहायचं, पोट शिवायच्या आधी परत मोजायचं. मी म्हणाले, "पंचवीस, बरोबर." बरोबरची मदतनीस पोरगी, कामाला लागून जेमतेम दोन आठवडे, हळूच म्हणाली, "मला चोवीसच दिसतायत." सर्जननी सुई खाली ठेवली. पुढची केस खोळंबली होती, तरी कपाळावर आठी नाही. पोटात पाहिलं, कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या. शेवटी तो गॉझ सापडला माझ्या बुटाच्या तळाला चिकटलेला.

एवढ्या नवख्या पोरीला तोंड उघडायचा धीर कुठनं आला? इथं कापायच्या आधी थिएटरमधला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी केलेल्या तपासणीच्या यादीतलाच नियम आहे तो. ती यादी करण्यात पुढं होते सर्जन अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत यादी वापरून पाहिली, तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. २००९ साली ते छापून आलं. एकदा सगळ्यांदेखत आपलं नाव घेतलं की दुसऱ्यांदा बोलायला जीभ अडत नाही.

नंतर इन्चार्जनं मला बसवून विचारलं, मोजताना काय चाललं होतं? मी खरं ते सांगितलं. फोन वाजला आणि मी आकडा मनानंच पुरा केला. दुसऱ्या दिवसापासून मोजणी संपेपर्यंत फोन घ्यायचा नाही असं ठरलं, विषय संपला. तिकडं मी पहिल्या नोकरीला होते तिथं पगार कापला असता आणि पुढच्या वेळी मी गप्प बसले असते. बसलेही आहे, दादा. हे तुला आजच सांगतेय.

अमेरिकेत एमी एडमंडसन म्हणून एक संशोधक बाई आहेत. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. ज्यांचं आपसात जमतं, त्यांच्याकडं चुका कमी निघतील असा त्यांचा होरा. निघाल्या जास्त! ती माणसं झाकत नव्हती, एवढंच. तुझ्या गुऱ्हाळावरची एकही चूक आजवर तुझ्या कानावर आली नाही, याचीच मला भीती वाटते.

ती पोरगी ट्रे मांडायला भलती हळू आहे, पण मोजायला पक्की. इन्चार्जनं तिला मोजणीवरच ठेवलं. आणि तू? घाण्यात ऊस सारायला चपळ असलेलं पोर उचलून जाळावर बसवलंस. जाळ मागं कधी ओढायचा ते त्याला काय ठाऊक? मामा तुला आधी काही बोलले होते का, आठवून बघ.

आबांनी मामांना कधी "आता उतरवा" म्हटलेलं मला आठवत नाही. मामा पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी वळून ताटलीवर मारायचे. टण् वाजली की काहील खाली. तुझा थर्मामीटर ११८ दाखवतो, दाखवू दे. पण ऊस नव्या लागणीचा की तोडल्यावर परत फुटलेल्या खोडव्याचा, हे त्याला कळतंय होय?

कॅमेरा काढ असं मी म्हणत नाही, चिपाडं चोरीला जातात हे मलाही माहीत आहे. पण मामांच्या घरी जाऊन ये. चहा घे, "त्या दिवशी काय झालं होतं?" एवढंच विचार आणि मग गप्प बस. दुसरं तुला जड जाईल.

मार्चमध्ये वहिनींचा भाऊ इकडं येतोय, त्याच्याबरोबर एक लहान ढेप पाठव. मामांच्या हातची. थर्मामीटरची नको.

तुझी धाकटी