सव्वाशेच घे

कोल्हापूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मातीच्या ट्रॅकवर पळवायला कुठली मोटोक्रॉस गाडी घेऊ म्हणून तू पाठवलेले दोन्ही फोटो गॅरेजमधल्या पोरांनाही दाखवले. दोन्ही निळ्या, दोन्ही यामाहाच्या. एक वायझेड १२५, म्हणजे सव्वाशे सीसीची टू-स्ट्रोक, दुसरी वायझेड २५० एफ, अडीचशेची फोर-स्ट्रोक. तिकडे अमेरिकेत या दोघी बरीच वर्षं एकाच गटात पळाल्या म्हटल्यावर नवा पोरगा विचारतो, "काका, सव्वाशे आणि अडीचशे बरोबरीच्या कशा?" मग त्याला क्रँक फिरवून दाखवला. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्याला स्फोट, फोर-स्ट्रोकला एकाआड एक.

तुझे मित्र २५० एफ घे म्हणतात, ते काही चुकीचं सांगत नाहीत. बटन दाबलं की सुरू होते, खालून ओढते, गिअर चुकला तरी सांभाळून घेते. थ्रॉटल सोडला की इंजिनच ब्रेक लावतं. ग्लेन हेलनच्या ट्रॅकवरच्या त्या उभ्या चढावर सव्वाशे रडेल आणि तुझे मित्र शेजारून निघून जातील, हे आधीच सांगून ठेवतो.

तरी मी सव्वाशेच घे म्हणेन. वजनात दहाएक किलोचा फरक आहे. दिवसातून चौथ्यांदा पडलेली गाडी उचलताना तो कळतो. दुसरं म्हणजे सव्वाशेचा सगळा जोर वरच्या आरपीएमला. वळणात जरा ढिली पडलीस की इंजिन मेलं. मग क्लचवर बोट ठेवून, अर्धा दाबून, आवाज चढता ठेवायला शिकावंच लागतं. फोर-स्ट्रोक तुझ्या चुका पोटात घालते, ही तोंडावर सांगते.

फोर-स्ट्रोकचं राज्य आलं ते काही टू-स्ट्रोक वाईट होती म्हणून नाही. अमेरिकेत नियमानेच अडीचशे टू-स्ट्रोकसमोर जास्त सीसीची फोर-स्ट्रोक उतरवायला मुभा होती. १९९७ ला लास व्हेगासच्या रेसमध्ये डग हेन्री या रेसरने यामाहाची चारशे सीसीची फोर-स्ट्रोक प्रोटोटाइप जिंकवली, पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ दुकानात आली, आणि वारं फिरलं. २००७ नंतर होंडाने मोठ्या टू-स्ट्रोक बंदच केल्या. यामाहाने मात्र वायझेड सोडली नाही. केटीएमने तर २०२३ च्या मॉडेलला टू-स्ट्रोक मोटोक्रॉसमध्येही फ्युएल इंजेक्शन आणि बटन स्टार्ट दिलं. तुझ्या फोटोतल्या गाडीला अजून कार्बेटर आणि किक आहे, ते मला बरंच वाटलं. कार्बेटर मी फोनवरून सांगून तुझ्याकडून उघडून घेईन.

खरी गोष्ट तीच. सव्वाशेला कॅम नाही, टायमिंग चेन नाही, डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन-रिंग टाकायचं काम तू रविवारी घरामागे बसून करशील. फोर-स्ट्रोकचा व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर अख्खं इंजिन जातं, आणि तिकडच्या मजुरीत तुझा महिन्याचा पगार जाईल.

एक मात्र कधी चुकू नकोस. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, मॅन्युअलमध्ये असेल त्याच मापाने. तू जन्मायच्या आधी ऊस तुटून गेलेल्या रानात आम्ही रेस लावली होती. वजन वाचवायला माझ्या आरएक्स १०० चा आपोआप ऑईल सोडणारा पंप मी काढून टाकला होता, आणि गडबडीत टाकीत कोरंच पेट्रोल भरलं. दुसऱ्या राउंडला आवाज एकदम कोरडा, किणकिणता झाला. काय झालंय हे डोक्यात येईपर्यंत पिस्टन जाम, मागचं चाक लॉक, आणि मी पाटात. कॉलरबोनवरची ती गाठ आईला आजही ‘जिन्यावरून पडलो’ म्हणून माहीत आहे. बोट क्लचवर असतं तर चाक सुटलं असतं.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन गार असू दे. आधीच तापवून ठेवली असेल तर परत ये. पुढच्या फुगीर पाइपवर खालून हात फिरव. ती नुसती धूर काढायची नळी नाही. बाहेर निसटणारं ताजं मिश्रण त्या फुगवट्यातून परतलेली लाट पुन्हा ब्लॉकमध्ये ढकलते, त्यामुळे पाइपला मोठा पोचा असेल तर पिकअप बिघडतो. किक हाताने हळू दाब, मध्ये ठणठणीत अडायला हवी. क्लच साइडच्या बोल्टांचे कोपरे गोल झालेत का बघ. झाले असतील तर कुणा अडाण्याने पाना मारलाय.

मग मला फोन लाव आणि किक मार. फोन इंजिनाजवळ धर, दोन मिनिटं काही बोलू नकोस.

तुझे
पप्पा