बटाट्याचं पातेलं

पुणे, रविवार, रात्री

प्रिय वैजू,

"बाई बटाटे सोलतेय हे बघायला सव्वातीन तास कोण बसणार? मी रोज सोलतेच की!" मी सुचवलेल्या 'झान दीलमान' या सिनेमाबद्दल एवढं बोलून तू काल फोन ठेवलास. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसलेय. पोरं झोपलीत, हाताशी वेळ आहे.

सुरुवात तुझ्या लाडक्या 'साइनफेल्ड'पासून करते, त्या अमेरिकन विनोदी मालिकेपासून. चायनीज रेस्टॉरंटचा तो भाग मला तूच दाखवलास, तुझ्या नागपूरच्या घरी, गादीवर लॅपटॉप ठेवून. जेरी, जॉर्ज आणि इलेन हे तिघं दोस्त टेबल मिळायची वाट बघत उभे आहेत. हीच अख्खी गोष्ट. सेट एकच, आणि त्यांचा जेवढा वेळ जातो तेवढाच आपलाही जातो. १९९१ च्या मे महिन्यात हा भाग एनबीसी या अमेरिकन चॅनलवर लागला. त्याआधी चॅनलच्या वरच्या लोकांना तो मुळीच पटला नव्हता, यात गोष्टच नाही असं त्यांचं म्हणणं. मालिकेचा लेखक लॅरी डेव्हिड मात्र हटून बसला, बदलायला लावलंत तर मी चाललो म्हणाला.

तो हटला नाही हे किती बरं झालं! इलेनला भूक आवरत नाहीये. परक्यांच्या टेबलावरचा एगरोल उचलून खाल्लास तर पन्नास डॉलर देईन, असं जेरी तिला म्हणतो. जॉर्जला फोन करायचाय आणि फोन दुसऱ्याच कुणीतरी अडवून ठेवलाय. शेवटी त्याच्यासाठी फोन येतो, तेव्हा मॅनेजर त्याच्या 'कोस्टान्झा' या आडनावाऐवजी 'कार्टराइट, कार्टराइट' असं ओरडत फिरतो. जॉर्ज तिथंच उभा आहे, ऐकतोयसुद्धा. पण ते नाव आपलं आहे हे त्याला कसं कळणार? आणि कंटाळून तिघं दाराबाहेर पडतात न पडतात तोच आतून जेरीच्या आडनावाचा पुकारा होतो, "साइनफेल्ड, चार!" तू उशी तोंडावर दाबून हसत होतीस. आता मला सांग, मधली दहा मिनिटं पुढे ढकलून हा शेवट बघितला असतास तर हसू आलं असतं?

पार्किंगचा भाग मला याहूनही जास्त आवडतो. मॉलच्या पार्किंगमध्ये या तिघांना आणि त्यांच्या दोस्ताला, क्रेमरला, आपली गाडी सापडत नाही. इलेनच्या हातातल्या पिशवीतला मासा मरून जातो. शेवटी गाडी सापडते, सगळे बसतात, आणि ती सुरूच होत नाही. ते लिहिलेलं नव्हतं. संहितेत ते गाडी घेऊन निघून जाणार होते, ऐन चित्रीकरणात गाडी खरोखरच बंद पडली, आणि तोच शेवट ठेवला. १९९८ चा अगदी शेवटचा भाग मात्र मला अजून सहन होत नाही. चौघांवर खटला, आणि आधीच्या भागांतली माणसं एकेक करून साक्षीला कोर्टात आणून उभी केली, पण ती रिकामी वेळ, जिच्यावर मालिका उभी होती, ती कुठं गेली?

आता झान दीलमानकडे येते. शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेनं हा सिनेमा १९७५ मध्ये केला, तेव्हा ती पंचविशीची होती. शीर्षकातच त्या बाईचा ब्रुसेल्समधला पूर्ण पत्ता आहे, घरनंबर २३ सकट. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश सिनेमासिक आजवरचे सर्वोत्तम सिनेमे कोणते यावर दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. २०२२ मध्ये त्यांनी याला पहिलं स्थान दिलं, बाईनं केलेल्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळालं. पण कौलासाठी बघ असं मी तुला म्हणतच नाहीये.

मधलं थोडं पुढे ढकललं, असं तूच म्हणालीस ना? वैजू, जे ढकललंस त्यातच सगळं होतं गं. पहिल्या दिवशी तिचं सगळं घड्याळाबरोबर चालतं. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद. घर चालवायला ती शरीर विकते, दुपारी गिऱ्हाईक येतं, त्याचे पैसे सुपाच्या भांड्यात, वर झाकण. मुलगा शाळेतून येतो, जेवण तयार. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं आणि बटाटे शिजून गाळ होतात. ते पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, कुठं ठेवावं तिला सुचत नाही. तू बघितलंस ते सोलणं त्याच्या नंतरचं. झानचं काम करणारी डेल्फिन सेरिग पाठ ताठ ठेवून सोलत बसलीय, मध्येच तिचा हात थांबतो, पुन्हा चालू होतो. पातेलं न बघता तिचा हात बघितलास तर तो नुसता बटाटाच दिसणार.

'साइनफेल्ड'मध्ये प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं, त्यावरून आपल्याला कळतं की इथं काहीतरी झालं. झानच्या घरी नळाचं पाणी, टाचांचा आवाज आणि दिव्याचं बटण, बाकी फारसं काही नाही. काय झालं ते आपलं आपण ओळखायचं. फरक मला एवढाच दिसतो.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' सिनेमा आपण दोघींनी मिळून बघितला होता, आठवतं? शेवटाकडे सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे एकेक करून जातात आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबून राहतो. तेव्हा तू माझा हात घट्ट धरला होतास. तिथं तरी काय 'घडत' होतं?

आणखी एक सांगते, हे तुला कधी बोलले नाही. मी नववीत असताना आईचं दूध सलग तीन दिवस उतू गेलं. माझ्या आईचं! जिनं दूध गॅसवर ठेवून कधी पाठ फिरवली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. ती काही बोलली नाही, ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. बाबांच्या कारखान्याला टाळं लागून तेव्हा दोन महिने झाले होते, आणि आम्हा भावंडांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या ओट्याजवळ मी उभी होते, वैजू. आणि मला काही दिसलं नाही. झान पातेलं घेऊन फिरायला लागली तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि आईला फोन लावला. रात्रीचे अकरा वाजले होते. "काय झालं गं?" तिनं घाबरून विचारलं. सहज केला म्हटलं. मग अर्धा तास बोललो.

सिनेमात तिसऱ्या दिवशी काय होतं ते मी मुळीच सांगणार नाही. दिवाळीत येतेसच, तेव्हा पहिल्यापासून लावू. पोरांना तुझ्या भाच्याकडे पाठवू, फोन दोघींचे आतल्या खोलीत. मध्ये चहाला थांबायचं, पण पुढे ढकलायचं नाही. आणि नंतर तू म्हणशील तो 'साइनफेल्ड'चा भाग लावू, पार्किंगचा असला तर उत्तम.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
मंजू