मा. आरोग्यमंत्री साहेब, ते पेनिसिलिनचं इंजेक्शन आमच्या आरोग्य केंद्रातच मिळू द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

साहेब, माझा भाचा आठवीत आहे. मागे त्याचा घसा धरला, ताप आला, थुंकी गिळतानाही रडायचा. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, ताप उतरला तशा गोळ्याही बंद, घरोघरी हेच चालतं. काही आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर घोटा, मग मनगट, आणि घरचे म्हणतायत वाढीचं वय आहे, दुखणारच. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा कळलं की हृदयाची झडप लीक आहे.

संधिवाताचा ताप म्हणतात याला, र्‍हुमॅटिक फीवर. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरला की दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते, जास्त करून ५ ते १५ वयाच्या पोरांत. सांधे बरे होतात हो, झडप मात्र बिघडलेली राहू शकते. बहुतेक घसेदुखी व्हायरलच असते, सगळ्यांना अँटिबायोटिक द्या असं मी म्हणतच नाहीये. पण ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्यात दुखरी गाठ, असं पोरगं आलं तर स्ट्रेप्टोकोकसचा संशय घ्यायला हवा ना? आणि तोच निघाला तर पेनिसिलिनचा कोर्स पूर्ण १० दिवसांचा असतो हे आईबापाला कुणीतरी धड सांगायला नको का?

आता खरं दुखणं. घसा पुन्हा धरू नये म्हणून भाच्याला दर २१ दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचंय, पुढची अनेक वर्षं. औषध महाग नाही, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पण आमच्या आरोग्य केंद्रात एकतर स्टॉक नसतो, नाहीतर सिस्टर म्हणतात रिॲक्शन आली तर कोण जबाबदार, जिल्ह्याला जा. बरं, रिॲक्शनची भीती खोटी नाही, पण गंभीर रिॲक्शन क्वचितच येते आणि तेव्हा लागतं ते ॲड्रेनालिन, ते तयार ठेवायचं आणि पेशंटला थोडा वेळ बसवून घ्यायचं, एवढंच तर आहे. पावडरीत पाणी घालून हलवलं की ते औषध दाट पांढरं होतं, बारीक सुईत अडकतं, मग दुसरी सुई, पोरगं ओठ दाबून पालथं पडलेलं. एवढं सोसायची त्याची तयारी आहे, पण त्यासाठी बहिणीची मजुरी बुडते, त्याची शाळा बुडते. अशाने डोस चुकतात, आणि डोस चुकले की पुन्हा घसा धरून झडप आणखी खराब व्हायची भीती. पुढे कधीतरी ऑपरेशन, मग सरकारच योजनेतून लाखो रुपये भरणार, हा कुठला हिशोब?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याच्या तपासणीच्या यादीत हा आजार आहे. मग तपासणीत सापडलेल्या पोराचं इंजेक्शन गावाजवळ का नाही?

प्रत्येक आरोग्य केंद्रात हे औषध आणि ॲड्रेनालिन ठेवा, मेडिकल ऑफिसर आणि सिस्टरना ट्रेनिंग द्या, आणि रिॲक्शन आलीच तर नियमाने काम केलेल्या सिस्टरच्या पाठीशी शासन उभं राहील असं लेखी काढा. ते लेखी आल्याशिवाय कुणी सुई हातात घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आपला,
एका पेशंटचा मामा