सुंदराबाईंची पट्टी आधी लाव

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

गायिका सुंदराबाई जाधवांवर माहितीपट करतोयस हे वाचून फार आनंद झाला. 'एकच प्याला' 1919 साली बडोद्याला रंगभूमीवर आला. त्यातली पदं आजही बालगंधर्वांची म्हणूनच ऐकली जातात. 'कशी या त्यजू पदाला'ची चाल पुण्याच्या या बाईंची, हे किती जणांना ठाऊक असतं? हे काम व्हायलाच हवं होतं.

मात्र पटकथेच्या आधी त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या हातात घे. तुझा मुख्य पुरावा त्यांचा आवाज आहे, आणि तो चुकीच्या गतीने वाजवलास तर पडद्यावर दुसरीच बाई गाईल.

लेबलवर 78, म्हणजे मिनिटाला 78 फेरे, असलं तरी कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं त्या काळात यंत्र 74 ते 82 फेऱ्यांमध्ये कुठेही चालायचं. 78 च्या जागी 82.6 फेरे धरले की सूर अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकची पांढरी दोन होते. आवाज तर बारीक होतोच, पण मुरक्याही घाईच्या वाटू लागतात आणि ठेक्याचा डौल जातो. साथीला पेटी असेल तर ती आधार धर: षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल तर गती चुकली आहे. जुन्या पेट्यांचं ट्यूनिंग आजच्याइतकं नेमकं नसे, म्हणून तबकडीच्या एकाच बाजूवर विसंबू नकोस. शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या मुद्रणाचा क्रमांक, बघ. जवळजवळचे क्रमांक बहुधा मुद्रणाच्या एकाच बैठकीतले असतात. अशा चार-पाच बाजू एकत्र ऐकल्या की खरी गती हाती लागते.

'माणूस' चित्रपटातला (1939) त्यांचा बोलका आवाज तुलनेला घेशील, तर एक सावधगिरी ठेव. चित्रपटाची गती सेकंदाला 24 चौकटी, पण डीव्हीडीच्या पुष्कळ प्रती 25 ने चालतात. म्हणजे सूर चार टक्क्यांनी, अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास, चढलेला. तो आधी उतरव. शिवाय तोवर त्यांचं वय वाढलेलं होतं, तेव्हा हा फक्त जोडपुरावा समज. चित्रफितीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी कर.

आता धुलाई. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही तबकडीला लावू नकोस. ती लाखेची आहे, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाक, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरव, लेबल कोरडं ठेव, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धू आणि उभी ठेवून वाळव.

एलपीची सुई चालणार नाही. तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 0.018 मिमी असते, ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. 78 साठी 0.06 ते 0.09 मिमीच्या तीन-चार सुया मागव आणि प्रत्येक बाजू सगळ्यांनी वाजवून बघ. पूर्वीच्या पोलादी सुयांनी खाचेच्या भिंतीचा एक पट्टा झिजलेला असतो. जाड किंवा बारीक सुई न झिजलेल्या भागावर बसली की खरखर एकदम कमी होते. हा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरने मिळत नाही. स्टिरिओ काट्रिजने (सुई बसवतात तो भाग) दोन्ही भिंती वेगळ्या मुद्रित कर, कधी कधी एकच भिंत धड असते. भोक मध्यावर नसेल तर दर फेऱ्याला, म्हणजे पाऊण सेकंदाला, सूर हेलकावतो. भोक कोरून मोठं करू नकोस, मधला दांडा काढता येणारी तबकफिरकी (टर्नटेबल) वापर.

मुद्रण 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर कर आणि मूळ फाइल तशीच जपून ठेव. टिकटिक काढ, पण खरखर पूर्ण घालवायचा मोह टाळ. कर्ण्याच्या काळातल्या मुद्रणात मुळात 250 ते 2500 हर्ट्झच्या आसपासचाच पट्टा धड उतरलेला असतो, त्याला आणखी घासलंस तर आधी 'स' आणि 'श' जातील, मग तानेचे दाणे. लावणीत शब्द गेला तर राहिलं काय?

आणि एक हट्ट धर: त्यांची 'तुम्ही माझे सावकार' ही लावणी अखंड वाजू दे. त्यावर निवेदन नको, मधे कुणाची मुलाखत नको. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असते. तेवढ्यात मांडणी, ठसका आणि शेवट बसवणं हीच या बाईंची कारागिरी, दहा सेकंदांच्या तुकड्यांत ती दिसत नाही. पडद्यावर फक्त तबकडीचा क्रमांक ठेव.

हक्कांचं थोडक्यात: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतात, शब्दांचे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी. दोन्ही वेगळे तपास. तबकड्यांसाठी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना गाठ.

हाती असलेल्या बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक आणि लेबलांचे फोटो पाठव, कुठल्या एका बैठकीतल्या वाटतात ते बसून लावू.

तुझा,
श्रीधर