माझी यादी एसटीच्या टप्प्यातली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'यंदा काय वाचलं, ऐकलं, पाहिलं' म्हणून नामवंतांच्या याद्या आल्या. सगळ्या वाचल्या. एका गृहस्थांनी तर सव्वीस पुस्तकं सांगितली. त्यातलं एकही आमच्या वाचनालयाच्या कपाटात नाही आणि निम्म्यांची नावं मला धड उच्चारता येईनात. म्हटलं, आपली यादी आपणच पाठवावी. छापलीत तर आनंद, नाहीतर रद्दी आहेच.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३४ वर्षं दिवाणजी होतो. दिवसभर शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, संध्याकाळी रोजकीर्द, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जुळवायची. घरी आल्यावर अक्षर डोळ्यांसमोर नको वाटायचं. वाचन म्हणजे आपला पेपर, तोही बाजारभावापासून उलटा. यंदा मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं लागोपाठ झाली आणि सूनबाईंनी पेपरसुद्धा उचलून ठेवला. म्हणून माझी यादी ऐकण्यापासून सुरू होते.

नातवानं मोबाइलवर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावून दिल्या. आजोबांना झोप लागेल हा त्याचा हिशेब. 'पिया बिन नाही आवत चैन' लागलं. आधी नुसती खरखर, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग त्यातून तो बारीक, टोकदार आवाज आला आणि मी उशीवरून उठून बसलो. तेव्हाच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात झिंजोटी रागातली ती ठुमरी बसवली आहे, आणि घाई कुठंच नाही. तीन मिनिटांत आम्ही हळदीच्या एका ढिगाचा सौदा उरकायचो, त्यात आरडाओरडा किती! लहानपणी भीमसेन जोशींनी हीच तबकडी ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं, ही गोष्ट मी भाषणांतून पुष्कळदा ऐकली होती. तबकडी मात्र कधी ऐकली नव्हती.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. १९३७ साली गेले. दर्ग्याच्या उरुसाला त्यांच्या आठवणीत गाण्याची सभा होते. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. मी उभ्या जन्मात तिथं गेलो तो दवाखान्यात पेशंट घेऊन नाहीतर रेल्वे धरायला. डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाल्यावर नातवाला म्हटलं, चल, सतारवाल्यांची गल्ली बघून येऊ. 'पाहिलं' या सदरात मला पहिलं लिहायचं आहे ते हेच.

एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेत गुंजन आणत, बसला होता. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं घासायचा, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा घासायचं. अर्धा तास तेच. शेवटी त्यानं तारेखाली सुती दोरा घातला आणि बोटानं केसभर सरकवला. मघापर्यंत टण् करून गप्प होणारी तार गुणगुणायला लागली, ती थांबेचना. मी विचारलं, हे मोजायचं कशानं? तो म्हणाला, "भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड बाहेरचं. मिरजेचा फक्त कान." २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तशी बातमी आपल्याच अंकात आली होती. मी ती वाचून त्यावर शेंगा सोलल्या असतील.

आता वाचन. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिलं पुस्तक आणलं ते गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ सालचं. कारण एवढंच की देवल हरिपूरचे, आणि माझ्या लेखी हरिपूर म्हणजे हळदीची पेवं, जमिनीत खणलेली साठवणीची कोठारं. २००५ च्या महापुरात बुडाली त्याआधीची पेवं मी पाहिली आहेत. पेव उघडलं की आत आधी कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. त्याच गावातून, चिंचेच्या झाडांखालच्या रस्त्यानं शेकडो वेळा ये-जा केली. पण इथल्या माणसानं म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या पोरीवर नाटक लिहिलं, एवढंच ऐकून होतो. आत काय आहे ते आता कळलं.

मला त्यात सगळ्यात जिवंत वाटला तो लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. पक्का दलाल. गिऱ्हाइकाची हौस फुलवायची, मालधन्याची अडचण ओळखायची, आणि आपण मात्र नुसते परोपकार करायला आल्यासारखं बोलायचं. असली माणसं मी रोज चहा पाजून वाटेला लावली आहेत. हा हळदीऐवजी मुलगी तोलतो, एवढाच फरक. वाचताना हसू येतं, आणि मुलीच्या बापाच्या, कांचनभटाच्या तोंडून रकमेची भाषा निघाली की हसल्याची लाज वाटते. जाता जाता एक दुरुस्ती. १९२९ चा बालविवाहबंदीचा शारदा कायदा या नाटकावरून आला असं मी कित्येकांना छातीठोकपणे सांगितलं आहे. तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा. ज्यांना सांगितलं त्यांनी हे पत्र वाचावं.

याच नाटकाचा एक प्रयोगही पाहिला. हौशी मुलांनी जीव ओतला होता, पण माइकनं दगा दिला. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद मागच्या रांगांना शिट्टीसकट ऐकू आलं. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात, जिथं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं, तिथं आवाजाची एवढी आबाळ असू नये.

दुसरं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ मध्ये आलेलं, माझ्याहून एक वर्षानं मोठं. धनगरांच्या वाडीवर पोरगेलासा मास्तर येतो, वाडी त्याला हळूहळू आपला म्हणते, मिळून तालीम बांधतात आणि मग दुष्काळ पडतो. हे वाचताना आमच्या अडतीवरचे आटपाडीकडचे हमाल सारखे समोर येत होते. त्यातल्या एकाला मी कामावर घेताना विचारलं होतं, घरी किती माणसं? तो म्हणाला, "मेंढरं धरून का सोडून?" मी तेव्हा ते चेष्टेवारी नेलं. आठ दिवस यार्डात सगळ्यांना सांगत फिरलो. पुस्तकाच्या शेवटी माणसं, मेंढरं वाडी सोडून निघतात तिथं तो हमाल आठवला आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमाही मग नातवाकडून लावून घेतला. माळरान अगदी तसंच आहे. पण माझ्या डोक्यातला वाडीचा कारभारी जरा जास्त म्हातारा होता, त्याला इलाज नाही.

बाकी किरकोळ. जावयांनी यशस्वी कसं व्हावं याचं जाडजूड पुस्तक दिलं, ते चाळिसाव्या पानावर ठेवलं. या वयात कशाला? मुलीच्या आग्रहावरून एक वेब सिरीज लावली. पहिल्या दहा मिनिटांत तीन खून झाले, चौथ्याच्या आधी मला झोप लागली.

एक विनंती आहे. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासूनचं, आणि पूर्वी आपल्या अंकात त्याच्या दिवसभराच्या कार्यक्रमांची छोटी चौकट यायची. डोळे बांधलेले असताना तिची फार आठवण झाली. नभोनाट्य कधी लागून गेलं ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळायचं. ती चौकट परत सुरू करा. जागेची अडचण असेल तर राशिभविष्यातली माझी कन्या रास वगळली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली